सायकलस्वाराचा चातुर्मास

भोपाळ शहराच्या आग्नेयेस, होशंगाबादकडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या अंगाला बाग सेवनिया नावाची वस्ती आहे. होशंगाबादचे नाव २०२२ साली नर्मदापुरम झाले, तरी लोकांच्या तोंडी रस्त्याचे जुने नाव अद्याप रुळलेले आहे. वस्तीच्या जवळच बरकतउल्ला विद्यापीठ आहे आणि अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे विस्तीर्ण रुग्णालयही आहे. हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्याची वसाहतही फारशी लांब नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले, राजधानी भोपाळास आली, आणि नागपूरच्या सचिवालयातील कित्येक मराठी कुटुंबे आपला संसार आवरून इकडे आली. त्यानंतर कारखान्याच्या निमित्ताने आणखी आली. त्या पिढीच्या दृष्टीने सायकल ही चैनीची वस्तू नव्हती. कचेरी, कारखाना, भाजीबाजार आणि मुलांची शाळा ह्या चारही दिशा तिच्याच दोन चाकांवर गाठल्या जात. पुढे स्कूटर आली, मोटार आली, आणि सायकल जिन्याखालच्या अंधारात गेली.

गेल्या काही वर्षांत ती पुन्हा उजेडात आली आहे. २०१७ साली भोपाळात सार्वजनिक सायकलींची योजना सुरू झाली, आणि त्याच सुमारास होशंगाबाद रस्त्याच्या कडेने स्वतंत्र सायकलमार्ग बांधण्यात आला. २०२० सालच्या टाळेबंदीनंतर तर देशभर सायकलींना एकाएकी मागणी आली. चाळिशी-पंचेचाळिशीच्या गृहस्थांनी, कित्येक गृहिणींनीही, नव्या सायकली घेतल्या. मात्र त्यांतील बऱ्याच सायकलींचे पुढे काय झाले, हे पाहावयाचे असेल तर कोणत्याही गृहनिर्माण संस्थेच्या वाहनतळाच्या कोपऱ्यात डोकवावे. टायरांतील हवा गेलेली आहे, साखळीवर गंज चढला आहे आणि हँडलला कापडी पिशव्या लटकत आहेत.

ह्या सायकली आळसामुळे पडून राहिल्या, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुष्कळदा त्यांना अतिउत्साहच भोवला. पावसाळा सरतो, दसऱ्याच्या आसपास हवा स्वच्छ होते, आणि चार महिने सायकलीला हात न लावलेला गृहस्थ पहिल्याच रविवारी मित्रांबरोबर मंडीदीप गाठून परत येतो. तरुण सोबत्यांच्या बरोबरीने राहण्यासाठी धापा टाकीत पेडल मारतो. सोमवारी मांड्या भरून येतात, पुढच्या रविवारी गुडघा बोलू लागतो, तिसऱ्या रविवारी काही तरी काम निघते. आपले वय झाले, असा निष्कर्ष काढून तो मोकळा होतो. वस्तुतः चूक वयाची नसते. जो दम चार महिन्यांत हळूहळू भरावयाचा, तो एका सकाळी उसना मागितला गेला, एवढाच तिचा अर्थ.

भोपाळात वर्षाकाठी सुमारे ११०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक जूनच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. रस्त्यावर पाणी साचते, खड्डे दिसेनासे होतात, आणि हमरस्त्यावरील मालमोटारींच्या चाकांतून उडणाऱ्या चिखलात सायकल चालविणे केवळ गैरसोयीचे नव्हे, धोक्याचेही असते. त्यामुळे शहाणा माणूस सायकल घरी ठेवतो. प्रश्न असा की, सायकलीबरोबर त्याने व्यायामही घरी ठेवावा काय? अमेरिकेतील एडवर्ड कॉइल ह्या शरीरशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उत्तम सराव झालेल्या खेळाडूंचा व्यायाम मुद्दाम बंद ठेवून त्यांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८४ साली प्रसिद्ध झाले. प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल शक्ती पहिल्या तीन आठवड्यांतच सुमारे ७ टक्क्यांनी घटली, आणि आठ आठवड्यांपर्यंत ती घट १६ टक्क्यांवर गेली. वर्षानुवर्षे कमावलेल्या शरीरांची ही गत. मग रविवारच्या सायकलस्वाराचे चार महिने रिकामे गेल्यावर त्याच्या गाठी काय उरणार?

ह्यावरील तोड सोपी आहे, आणि तिला विशेष खर्चही येत नाही. सायकल बंद असली तरी चालणे, जिने चढणे, पोहणे, वल्ही मारणे ह्यांसारख्या दुसऱ्या श्रमांनी, तेही अगदी सावकाश केलेल्या श्रमांनी, सायकलीसाठी लागणारा दमसास पुष्कळ अंशी जपता आणि वाढविताही येतो. ‘दमसास’ हा शब्द मराठीत गवयाच्या संदर्भात नेहमी वापरला जातो. एका श्वासात लांब तान घेणारा गवई ज्या बळावर ती घेतो, ते बळ मैफलीच्या दिवशी अवतरत नाही. पहाटेच्या मंद्र सप्तकातील रियाजात ते साठलेले असते. सायकलस्वाराची गोष्ट ह्याहून फार निराळी नाही.

तथापि एका श्रमाचा लाभ दुसऱ्या श्रमास कसा मिळतो, हे नीट समजून घेतले पाहिजे. कारण तो सर्वस्वी मिळतो असे नाही. दीर्घ काळ श्रम करण्याची शक्ती शरीरात दोन ठिकाणी वसते. पहिले ठिकाण म्हणजे हृदय व रक्त. नियमित श्रमाने रक्तातील द्रव भाग काही दिवसांतच वाढू लागतो, हृदय प्रत्येक ठोक्यास अधिक रक्त पुढे ढकलू लागते, आणि तेवढेच काम कमी ठोक्यांत होऊ लागते. दुसरे ठिकाण म्हणजे प्रत्यक्ष श्रम करणारे स्नायू. त्यांच्या तंतूंभोवती बारीक केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, आणि तंतूंच्या आत प्राणवायूच्या साहाय्याने इंधन जाळणाऱ्या ज्या सूक्ष्म भट्ट्या असतात, ज्यांना शालेय पुस्तकांत तंतुकणिका म्हणतात, त्यांची संख्या व क्षमता वाढते. जॉन होलोझी ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६७ साली हे प्रथम स्पष्टपणे दाखविले. त्याने उंदरांना फिरत्या पट्ट्यावर अनेक आठवडे दीर्घ काळ धावविले, तेव्हा त्यांच्या पायांच्या स्नायूंतील तंतुकणिकांची शक्ती जवळजवळ दुप्पट झालेली आढळली.

आता हृदय हे एकच आहे. त्याला रक्त मागणारे पाय पेडलवर आहेत की जिन्याच्या पायरीवर, ह्याची त्याला फारशी चौकशी नसते. स्नायूंचे मात्र तसे नाही. स्वीडनमधील बेंग्ट साल्टिन ह्या शरीरशास्त्रज्ञाने १९७६ साली एक मोठा मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात माणसांनी सायकलयंत्रावर एकाच पायाने सराव केला. पुढे दोन्ही पायांची परीक्षा घेतली असता, शक्तीतील खरी वाढ सराव झालेल्या पायातच दिसून आली; दुसऱ्या पायाच्या वाट्याला फारच थोडे आले. एकाच शरीराचे, एकाच हृदयावर पोसलेले दोन पाय, पण एकाने केलेल्या श्रमाचा पुरता मोबदला दुसऱ्यास मिळाला नाही! पूरक व्यायामाची सत्ता कोठपर्यंत चालते, हे ह्या प्रयोगाने नेमके सांगितले आहे. पोहून हृदय सायकलीसाठी तयार होईल, मांड्या होणार नाहीत. म्हणून जो व्यायाम पायांच्या त्याच स्नायूंना काम देतो तो अधिक उपयोगी, आणि आठवड्यातून एकदोनदा तरी प्रत्यक्ष पेडल फिरविणे हे सर्वांत इष्ट.

पण केवळ चालण्याबिलण्याने मध्यमवयीन माणसात असा काय मोठा फरक पडणार, अशी शंका पुष्कळांच्या मनात येईल. तिचे उत्तर अमेरिकेतील डॅलस शहरी झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात सापडते. १९६६ साली तेथील वैद्यकीय महाविद्यालयात विशीच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे सतत अंथरुणावर पडून राहावयास लावले. प्राणवायू वापरण्याची त्यांची शक्ती तेवढ्यात सुमारे २७ टक्क्यांनी खाली आली. पुढे सरावाने ती त्यांनी भरून काढली आणि वाढविली, हा त्या कथेचा पूर्वार्ध. उत्तरार्ध ३० वर्षांनी घडला. त्याच पाच जणांना, आता पन्नाशीला आलेल्या, अंगाने सुटलेल्या संसारी गृहस्थांना, १९९६ साली पुन्हा तपासण्यात आले. असे दिसून आले की, तीस वर्षांच्या वार्धक्याने त्यांचे जेवढे नुकसान केले होते, त्याहून अधिक नुकसान तारुण्यातील त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने केले होते! त्यानंतर सहा महिने त्यांना बेताबेताने वाढविलेला व्यायाम देण्यात आला. त्यात चालणे होते, हळू धावणे होते, आणि जागच्या जागी चालविण्याची सायकलही होती. आठवड्यास चारपाच तासांहून अधिक असे काही नव्हते. सहा महिन्यांच्या अखेरीस त्यांची शक्ती १९६६ सालच्या प्रारंभी, अंथरुण धरण्यापूर्वी, होती तेथवर परत आली. विशीतल्या कडक सरावाने गाठलेली उंची काही त्यांना पुन्हा गाठता आली नाही, हेही सांगितले पाहिजे. परंतु वयाने नेलेले परत मिळाले, आणि ते मिळविण्यासाठी कोणालाही जिवाचा आटापिटा करावा लागला नाही. पाच माणसांवरून जगाविषयी सिद्धान्त मांडू नये, हे खरे असले तरी इतक्या दीर्घ काळ पाठपुरावा झालेले असे उदाहरण विरळाच.

येथे ‘सावकाश’ ह्या शब्दाशी थोडे थांबले पाहिजे, कारण बहुतेकांची फसगत येथेच होते. मराठी माणसाच्या मनावर तालमीचा संस्कार जुना आहे. जोर-बैठका काढून अंगाखालची माती भिजली, तरच मेहनत झाली. घाम निथळला नाही तर व्यायाम फुकट गेला, अशी त्याची ठाम समजूत असते. कुस्तीसाठी ती रास्तच आहे. कुस्तीचा निकाल काही मिनिटांत लागतो. बाग सेवनियाहून भीमबेटकापर्यंत सायकलीने जाऊन येण्यास दिवसाचा मोठा भाग लागतो. ह्या दोन कामांची भांडवले वेगळी आहेत. दुसऱ्या प्रकारच्या भांडवलाचे उदाहरण महाराष्ट्राला नवे नाही. आळंदीहून पंढरपूरपर्यंतची सुमारे २५० किलोमीटरची वाट साठी-सत्तरीचे वारकरी तीन आठवड्यांच्या आत पायी चालून जातात, आणि तीही ऐन आषाढातल्या पावसात. त्यांच्यापैकी कोणी धापा टाकीत नसतो. उलट मुखी अभंग चाललेला असतो.

श्रम सौम्य आहे की नाही, हे ओळखण्याची खूणही जवळजवळ हीच आहे. चालता चालता शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. वाक्य अर्ध्यावर तोडून श्वास घ्यावा लागला की, वेग मर्यादेबाहेर गेला असे समजावे. अगदी आरामात तान मारता येऊ लागली, तर मात्र तो विहार झाला, व्यायाम नव्हे. ज्यांना आकड्यांवाचून समाधान होत नाही, त्यांच्यासाठी फिनलंडच्या मार्ट्टी कार्व्होनेन ह्यांची १९५७ सालच्या संशोधनातून आलेली रीत उपयोगी आहे. ४५ वर्षांच्या माणसाचे उदाहरण घ्यावे. २२० मधून वय वजा केले असता १७५ उरतात; हे त्याच्या हृदयाचे मिनिटास कमाल ठोके, असा ढोबळ अंदाज. सकाळी अंथरुणात असताना त्याची नाडी ७० भरली, तर दोहोंतील अंतर १०५. ह्या अंतराचा निम्मा ते साठ टक्के भाग विश्रांतीच्या ७० मध्ये मिळवावा; म्हणजे १२२ ते १३३ ह्या दरम्यान त्याची सौम्य श्रमाची पट्टी येते. पंधरा सेकंद नाडी मोजून ३० ते ३३ ठोके आले की काम झाले. अर्थात २२० चा हिशेब सरासरीचा आहे. एखाद्या व्यक्तीच्या बाबतीत तो दहाबारा ठोक्यांनी सहज चुकू शकतो. नाडी आणि बोलणे ह्यांची साक्ष जुळली नाही, तर बोलण्याची साक्ष ग्राह्य धरावी.

इतक्या मंद गतीचा आग्रह कशासाठी? एक कारण इंधनाचे आहे. शरीरात पिष्टमय पदार्थांची साठवण बेताची असते. यकृत व स्नायू मिळून ग्लायकोजेनच्या रूपाने चार-पाचशे ग्रॅम, म्हणजे सुमारे दोन हजार कॅलरी. उलट ६५ किलो वजनाच्या सडसडीत माणसाच्या अंगावरही दहा किलो चरबी असू शकते, आणि तिची किंमत नव्वद हजार कॅलरींच्या घरात जाते. जोराच्या श्रमात शरीर पहिल्या, तुटपुंज्या साठ्यावर हात टाकते. सौम्य श्रमात चरबीचा वाटा मोठा राहतो. महिनोनमहिने सौम्य श्रमाची सवय लागलेले स्नायू थोड्या अधिक वेगासही चरबीवर निर्वाह करू लागतात. साठाव्या किलोमीटरला एकाएकी पाय गळून जाणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, चिडचिड होणे, ही जी अवस्था नवख्या सायकलस्वारास गाठते, ती बहुधा पहिला साठा संपत आल्याची असते.

दुसरे कारण अधिक व्यवहारी आहे. सौम्य श्रम उद्या पुन्हा करता येतो. जोराच्या श्रमानंतर दोन दिवस अंग दुखते, आणि नोकरी-संसार सांभाळणाऱ्या माणसाच्या आठवड्यातून दोन दिवस गेले की राहते काय? मोठमोठ्या खेळाडूंचीही हीच रीत आहे. नॉर्वेत काम करणाऱ्या स्टीफन सायलर ह्या संशोधकाने नावाड्यांच्या, बर्फावरून घसरत जाणाऱ्या स्कीपटूंच्या व सायकलस्वारांच्या सरावाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांच्या दर पाच सत्रांपैकी सुमारे चार सत्रे सौम्य असतात, असे त्यास आढळले. उरलेले एक सत्र खरोखर कठीण असते. हौशी माणूस नेमके ह्याच्या मधले काही तरी करतो. त्याचा हळूचा दिवस पुरेसा हळू नसतो, म्हणून जोराच्या दिवशी अंगात जोर उरलेला नसतो.

बाग सेवनियात राहणाऱ्यास ह्या सर्वांसाठी दूर जावे लागत नाही. वस्तीच्या दक्षिणेस कटारा हिल्सचा उंचसखल भाग आहे. सपाट रस्त्यावर चालून ज्याची नाडी शंभर-एकशेदहाच्या वर जात नाही, त्याने चढाचा रस्ता धरावा. चढण चालताना मांडीच्या पुढच्या व नितंबांच्या ज्या स्नायूंना काम पडते, तेच पेडल खाली दाबतात. पाऊस कोसळत असेल तर इमारतीचा जिना आहेच. जिना हा सायकलस्वाराचा उत्तम मित्र म्हणावा लागेल, फक्त एका अटीवर. चढावे पायांनी, उतरावे मात्र जपून. गुडघे दुखरे असतील आणि लिफ्ट असेल तर खुशाल लिफ्टने उतरावे. मांड्यांतील ठणका आणि गुडघ्यांवरील ताण मुख्यतः उतरतानाचा असतो. घाईने दोन-दोन पायऱ्या गाळीत चढणाऱ्यांची नाडी तिसऱ्या मजल्यापर्यंतच एकशेसाठीच्या घरात जाते, आणि मग ते दहाव्या मिनिटालाच थांबतात. एकेक पायरी, भिंतीचा आधार न घेता, वीस-पंचवीस मिनिटे चढत राहणे, मध्ये उतरण्याची विश्रांती धरून, हे दिसते तेवढे सोपे नाही. दोरीवरच्या उड्यांचा मोह मात्र टाळावा. त्या सौम्य श्रमात मोडत नाहीत.

भोपाळ हे तळ्यांचे शहर आहे, तेव्हा पाण्याचा विचार ओघानेच येतो. तरणतलावात पोहणे हे गुडघेदुखीवाल्यास वरदान आहे, कारण शरीराचा भार पाणी उचलते. पाण्यात नाडी जमिनीवरील त्याच श्रमापेक्षा मिनिटास दहाएक ठोक्यांनी कमी भरते, एवढे ध्यानात ठेवून वरील पट्टी तितकी खाली आणावी. मोठ्या तळ्यात मात्र पोहण्याचे धाडस कोणी करू नये. त्यात मगरी आहेत. वल्ही मारण्याचा व्यायाम पोहण्यापेक्षाही सायकलीस जवळचा आहे. पाहणाराला तो हातांचा खेळ वाटतो, पण सरकत्या बैठकीच्या नावेत खरा रेटा पायांचा असतो. व्यायामशाळांतून मिळणाऱ्या वल्ह्यांच्या यंत्राविषयीही हेच म्हणता येईल. आणि ज्यांना परवडेल त्यांनी घरात जागच्या जागी फिरणारी सायकल ठेवावी, किंवा आपल्याच सायकलीचे मागचे चाक चौकटीवर चढवावे. साल्टिनच्या त्या दुसऱ्या पायाची आठवण ठेवून आठवड्यातून दोन वेळा तरी अर्धा-पाऊण तास पेडल फिरते ठेवणे अगत्याचे आहे.

ह्या पूरक व्यायामांचा एक लाभ असा आहे की, जो सायकलीच्या व्यायामात मुळीच मिळत नाही. सायकलीवर देहाचा भार सीटवर असतो. हाडांना जमिनीचा धक्का बसत नाही. वर्षानुवर्षे केवळ सायकलच चालविणाऱ्यांच्या कण्याची हाडे त्यांच्याच वयाच्या धावपटूंपेक्षा विरळ असल्याचे अनेक तपासण्यांत दिसून आले आहे. हाडे भार वाहूनच घट्ट राहतात. चाळिशीनंतर, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत, ही गोष्ट दुय्यम मानून चालणार नाही. चढावर चालणारा आणि जिना चढणारा सायकलस्वार ती उणीव काही अंशी भरून काढतो.

नागपूरचे डॉ. अमित समर्थ ह्यांचे उदाहरण ह्या संदर्भात आठवते. अमेरिका खंडाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, सुमारे ४,९०० किलोमीटर एकट्याने बारा दिवसांच्या आत पार करण्याची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही स्पर्धा त्यांनी २०१७ साली पूर्ण केली. त्याच वर्षी लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ ह्यांनीही ती पूर्ण केली. त्याआधी, २०१५ साली, नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन ह्या बंधूंनी दोघांच्या जोडीने ती पुरी केली होती. समर्थ ह्यांनी पुढे २०१८ साली मॉस्को ते व्लादिव्होस्तोक हा सुमारे ९,१०० किलोमीटरचा सैबेरियाचा मार्गही सायकलीने काटला. परंतु ते निव्वळ सायकलस्वार नव्हेत. पोहणे, सायकल आणि धावणे ही तिन्ही एका दिवसात करावी लागणारी आयर्नमॅन स्पर्धा त्यांनी पूर्ण केलेली आहे. असल्या पराक्रमांचे अनुकरण रविवारच्या सायकलस्वाराने करू नये, हे सांगण्याची आवश्यकता नाही. ह्या चौघांपैकी चौघेही डॉक्टर आहेत, हा मात्र योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा वाटत नाही.

डॉक्टरांचा विषय निघाला आहे तर तेवढे बोलून घ्यावे. ज्याला चढावर छातीत दाटल्यासारखे होते, ज्याला मधुमेह वा रक्तदाब आहे, किंवा जो बऱ्याच वर्षांनी हालचालीस प्रारंभ करीत आहे, त्याने आधी तपासून घ्यावे. बाग सेवनियाकरांस तर त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. रक्तदाबावरील काही औषधे नाडीचा वेगच दाबून ठेवतात. ती घेणाऱ्यांस वर सांगितलेली नाडीची पट्टी लागू पडत नाही. त्यांनी बोलण्याचीच खूण वापरावी. आणि औषध बंद करून नाडी मोजण्याचा शहाणपणा कोणी करू नये.

आषाढात आरंभ करणाऱ्याने पहिले दोन आठवडे दिवसाआड अर्धा तास चालण्यावर भागवावे. मग दर आठवड्यास एकूण वेळेत थोडीथोडी भर घालीत श्रावणअखेर आठवड्याचे चार तास गाठावेत: दोन दिवस चढावरचे चालणे, एक दिवस जिना, दोन दिवस घरातली सायकल, आणि ज्याला जमेल त्याने एखादा दिवस पाणी. तीन आठवडे वाढ केल्यावर चौथा आठवडा हलका ठेवावा. गणपती-गौरींच्या दिवसांत तो आपोआपच हलका होतो, आणि व्हावाही. ह्या काळात वेग वाढत नाही म्हणून निराश होऊ नये. वाढ दिसते ती दुसरीकडे. श्रावणात ज्या चढावर नाडी १३० होती, त्याच चढावर, त्याच चालीने, भाद्रपदअखेर ती १२० भरू लागते. अंथरुणातली सकाळची नाडीही दोन-चार ठोक्यांनी उतरते. एका वहीत ह्या दोन आकड्यांची तारीखवार नोंद ठेवणे मोठे उपयोगी पडते. मनाचा उत्साह खोटी साक्ष देतो, वही देत नाही. सकाळची नाडी एकाएकी सात-आठ ठोक्यांनी चढलेली दिसली, तर ताप येऊ घातला आहे किंवा श्रम अधिक झाले आहेत असे समजून तो दिवस विश्रांतीस द्यावा.

मग पाऊस थांबतो, आणि सायकल भिंतीवरून खाली येते. प्रथम सीटची उंची पाहावी. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहिला पाहिजे. सीट ठेंगणी असली की गुडघ्याच्या पुढच्या बाजूस कळ येते, आणि त्याचा दोष वयावर ढकलला जातो. गिअर हलका ठेवून मिनिटास ऐंशीच्या आसपास फेरे पडू द्यावेत. जड गिअर रेटण्यात पुरुषार्थ नाही. हृदय आता तयार असले तरी मांड्या पेडलच्या सवयीत यावयाच्या असतात; म्हणून पहिला रविवार मिसरोदपर्यंतचा, पुढचे दोन मंडीदीपपर्यंतचे, त्यानंतरचे ओबेदुल्लागंजपर्यंतचे. मंडीदीपच्या कारखान्यांमुळे त्या टप्प्यात मालमोटारींची वर्दळ मोठी असते. तेव्हा उजाडताच निघावे, पण धुके असेल तर ते विरेपर्यंत थांबावे.

डिसेंबरात पहाटेचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. तशा एखाद्या रविवारी भीमबेटकाचा बेत करण्यास हरकत नाही. जाण्याचे अंतर सुमारे चाळीस किलोमीटर, येण्याचे तितकेच. बरोबर दोन बाटल्या पाणी, केळी, गूळ-शेंगदाण्याचे दोन लाडू आणि पंक्चरचे सामान असावे. पहिला घास भूक लागण्यापूर्वी, निघाल्यापासून तासाभरात घ्यावा. हमरस्ता सोडून रूळ ओलांडले की शेवटचे तीनएक किलोमीटर टेकडीकडे चढत जातात. १९५७ साली विष्णु श्रीधर वाकणकर ह्यांना आगगाडीच्या खिडकीतून हे खडक दिसले, आणि ते पाहण्यास ते पायी वर गेले. तेथील शैलाश्रयांतील चित्रांचा शोध जगाला लागला तो त्यानंतर. २००३ साली ह्या स्थळाचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. चढाच्या ह्या तुकड्यावर नाडी मर्यादेबाहेर जाऊ लागली, तर सायकलीवरून उतरून ती हातात धरावी आणि चालू लागावे. चार महिने चढावर चालण्याचा सराव झालेलाच असतो. वर पोहोचल्यावर चित्रे पाहण्यास निवांत दोन तास ठेवावेत, म्हणजे परतीच्या चाळीस किलोमीटरांपूर्वी पायांना आयतीच विश्रांती मिळते.